तलवारवालीची पाथ

दव सुकल्याशिवाय कापसाला हात लावायचा नाही, हा माझा नियम. ओला कापूस गंजीत तापतो, पिवळा पडतो, मग कोणावर ओरडून उपयोग नसतो. त्यामुळं वेचणीच्या दिवसांत रोज सकाळी एक तास असा येतो की करायला काहीच नसतं. बाया ऑटोतून उतरून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसलेल्या असतात. कोणी तंबाखूचा खर्रा घोटतं, कोणी फोन बघतं. मी बाभळीखाली उभी राहून धुकं विरायची वाट पाहते.

मी स्वप्नं बघणारी बाई नाही. नवऱ्याची नोकरी पुसदला, तो शनिवारी येतो. शेत मीच पाहते. फवारणी, मजूर, ट्रॅक्टर यांत दिवस कुठं जातो कळत नाही. पण हा एक तास माझ्या हातात नसतो. पांढऱ्या धुक्यात पांढरा कापूस, रान कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं त्याचा पत्ता नाही. त्या पांढऱ्यातून ती चालत येते. उजव्या हातात तलवार, पाय जमिनीला लागलेले नाहीत, अंगावरचा लाल रंग अंगाच्या रेषेबाहेर थोडा सांडलेला.

तिचं नाव असिलता. तिच्या कॉमिकचे एकूण सहा अंक निघाले.

तो सांडलेला लाल रंग म्हणजे छापखान्याची चूक होती. प्रत्येक पानावर लाल ठसा जरासा उजवीकडं सरकलेला असायचा. तिच्या ओठांचा रंग गालावर, कमरपट्ट्याचा रंग हवेत. मला तेव्हा वाटायचं, ती इतकी चपळ आहे की रंगाला तिच्याबरोबर पळता येत नाही, तो मागं राहतो. छपाई म्हणजे काय ते पुढं कळलं. तरी आजही धुक्यात ती तशीच दिसते, रंग मागं ठेवून पुढं निघालेली.

मी तेव्हा सातवीत होते. आमच्या गावाहून राळेगाव सायकलनं अर्ध्या तासावर, शाळा तिथंच. बस स्टँडसमोर हमीदभाईंचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानात एक सुतळी बांधलेली असायची आणि तिच्यावर हिंदी कॉमिक्स वाळत घातल्यासारखी लटकलेली. पंक्चरच्या सोल्युशनचा वास आणि त्या पुस्तकांचा वास माझ्या डोक्यात असा मिसळला आहे की आजही ट्यूब चिकटवताना पाहिली की मला दूरचे डोंगर आणि किल्ले दिसतात. भाडं म्हणून हमीदभाई आमच्यासारख्या पोरींकडून ओंजळभर कापूस घ्यायचे. तो ते सायकलच्या सीटमध्ये भरायचे. म्हणजे राळेगावातली निम्मी माणसं तेव्हा असिलतेच्या भाड्यावर बसून फिरत होती.

त्या वर्षी दिवाळीची सुट्टी लागली तशी बाबांनी मला शेतात पाठवलं. "शाळा बंद हाय ना? मंग पाथ धर."

पाथ म्हणजे वेचणाऱ्या बाईच्या वाट्याला आलेली ओळ. पोटाला ओटी बांधायची, ओळीच्या एका टोकाला उभं राहायचं आणि दुसऱ्या टोकापर्यंत बोंडं रिकामी करत जायचं. मला ते जमत नसे. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला घुसत. बाया पार पुढच्या धुऱ्याला पोचलेल्या असत आणि मी अजून अर्ध्यात. त्या मागं वळून माझ्याकडं बघत आणि हसत. मालकाची पोर म्हणून मला कोणी बोलत नसे, पण हसायला बंदी नव्हती.

बायांची म्होरकी गिरजाबाई. काळी, उंच, कपाळावर गोंदलेलं. कोणाला कोणती पाथ लावायची, भाकरीला कधी बसायचं, कधी उठायचं, सगळं तिच्या हुकमानं. तिच्या बाजूच्या पाथेला तिची लेक कांता असायची. वीस-बावीसची असेल. पोळ्याच्या सुमारास सासरहून निघून आली होती. तिच्या डाव्या हाताचा अंगठा मोडून वाकडा जुळला होता. तो कसा मोडला हे सगळ्यांना माहीत होतं आणि तो विषय कोणी काढत नव्हतं. त्या वाकड्या अंगठ्यानंही ती दोन्ही हातांनी अशी वेचायची की बघणाऱ्याला वाटावं, कापूस आपणच उडून तिच्या ओटीत जातो आहे. जातपंचांसमोर ठरलेलं होतं : उलंगवाडी झाली की कांताला परत न्यायला येतील. उलंगवाडी म्हणजे शेवटची वेचणी. त्यानंतर रानात पांढरं काही उरत नाही.

एकदा मी मागं पडले असता कांता माझ्यासाठी थांबली. म्हणाली, "तोंड काहून पाडलं वो सुनंदे? काही सांग ना. शाळंत काय शिकवतेत?"

शाळेतलं सांगण्यासारखं काही नव्हतं. मी असिलतेचं सांगायला लागले. हिंदी कॉमिकचं वऱ्हाडी करत, एकेक चित्र आठवत. एका लोहाराची पोर असते. एका पावसात त्यांच्या ऐरणीवर वीज पडते. त्या विजेची ती तलवार घडवते. पण तलवारीला एक शाप असतो. म्यानातून काढली की दर वेळी असिलता घरातली एक गोष्ट विसरते. पहिल्यांदा अंगणातल्या झाडाचा वास. मग विहिरीचं पाणी कसं लागायचं ते.

"घरची म्हंजे कोणत्या घरची?" कांतानं विचारलं. "माहेरची का सासरची?"

"लग्न नाई झालं तिचं."

"मंग बराबर हाय," ती म्हणाली, आणि पुढच्या झाडाकडं वळली. नुसता बोंडं सुटण्याचा आवाज येत राहिला. तो आवाज फार बारीक असतो. बोलणं थांबलं तरच ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंच्या बाया सरकून जवळ आल्या. तिसऱ्या दिवशी गिरजाबाईनं पाथाच बदलल्या आणि मला मधोमध घेतलं. "तू सांगत चाल. तुया पाथेचा कापूस आमी वेचतो." डावीकडची एक मूठ टाके, उजवीकडची एक. माझी ओटी न वेचता भरत होती. संध्याकाळी वजनाच्या काट्यावर बाबा माझ्याकडं बघून म्हणाले, "पोरगी शिकली वाटते."

कबूल करायला हवं, मी एक लबाडी केली होती. पुस्तकातली असिलता फारच थोड्या कपड्यांत हिंडायची. गिरजाबाईसमोर ते सांगायची माझी छाती नव्हती. मी तिला लुगडं नेसवलं, कासोटा घातला, वर हिरवी चोळी दिली.

तो हिवाळा मला सलग आठवत नाही. तुकडे आठवतात. कापसावर चरचर उन्ह. बारा वाजताची गुंगी, जिच्यात माझाच आवाज मला लांबून येतोय असं वाटे. भाकरीवर ठेचा, तोंडात आग, आणि असिलता बर्फाच्या डोंगरावर. दूर तुरीच्या पिवळ्यात कोणी हललं की मी दचकायचे. एकदा तर मी खरंच पाहिलं, कापसाच्या वरून ती चालत गेली आणि एकही बोंड हललं नाही. मी कोणाला सांगितलं नाही. माझ्या पुढच्या बाईनं मात्र त्याच वेळी मान वर करून तिकडं पाहिलं होतं.

सुट्टी संपली तरी मी शनिवारी दुपारी आणि रविवारी जायचे. बाया आठवडाभराची भूक घेऊन बसलेल्या. नाव कोणाच्या जिभेवर बसत नव्हतं, त्यामुळं त्या तिला तलवारवाली म्हणत. घरच्या माणसाची करावी तशी चौकशी. "काय म्हणते तुयी तलवारवाली? जेवली का?"

सहावा अंक संक्रांतीच्या सुमारास आला. त्याचं शेवटचं पान असं : एक लांब पूल. पलीकडं असिलतेचं घर, चुलीचा धूर निघतो आहे. पुलाच्या तोंडाशी राजाचा माणूस. तो म्हणतो, तलवार इथं ठेव आणि खुशाल जा, कोणी काही करणार नाही. एव्हाना ती घराचं जवळजवळ सगळं विसरलेली असते. फक्त धूर ओळखीचा वाटतो. शेवटच्या चौकटीत नुसता हात आणि तलवारीची मूठ. ती ठेवते आहे की उपसते आहे, काही कळत नाही.

"ठेवली का मंग?" कांतानं विचारलं.

"पुढच्या अंकात."

"कधी येईन?"

"महिन्यानं."

कांता बोटांवर काहीतरी मोजत होती. उलंगवाडीलाही महिनाच उरला होता.

मी रोज शाळा सुटली की हमीदभाईंकडं सायकल थांबवायचे. ते चाकातून मान वर न काढता म्हणायचे, "नई आया बेटा." महिना गेला. वर आठ दिवस गेले. एक दिवस त्यांनी हात पुसले, उठून उभे राहिले, तेव्हाच मला कळलं. "अब नई आयेगा. नागपूरवाला बोला, वो निकालनाच बंद कर दिये. बिकती नई थी." मग सुतळीवरून सहावा अंक काढून माझ्या हातात दिला. "ये तू रख ले. तेरे सिवा कौन पढ़ता था?"

मला रडू आलं नाही. राग आला, आणि कोणाचा ते ठरवता येईना.

शेवटच्या वेचणीच्या दिवशी रविवार होता. रानात कापूस असा राहिला होता जसे म्हाताऱ्याच्या डोक्यावर केस. भाकरीला बाभळीखाली बसलो. कांतानं ताटातून नजर वर केली नाही, पण घास तसाच हातात होता. मी एका दमात सांगून टाकलं. सातवा अंक नाही. कंपनीनं बंद केलं.

मग गिरजाबाई म्हणाली, "बंद कसं होईन? बाई पुलावर उभी हाय ना?"

"हो. पण ते आता छापत नाहीत."

"नसन छापत. तिचं काय केलं? तिले तशीच उभी ठेवून घरी निघून गेले?" गिरजाबाईचा आवाज चढला होता. "कोण माणसं हायेत वो हे? बाईले अर्ध्यावर उभं करतेत न् आपले हात झटकतेत!"

खोटं नाही हे दाखवायला मी दप्तरातून पुस्तक काढलं. बायांनी पदराला हात पुसले आणि पुस्तक एकीकडून दुसरीकडं जाऊ लागलं. मी कपडे विसरले होते.

"अवं माय!" शेवंतानं, आमच्यातल्या सगळ्यांत तोंडाळ बाईनं, पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. "हिचं लुगडं कोठी गेलं?"

"पुलावर वारा असन," दुसरी म्हणाली.

"सुनंदे, तू तं हिरवी चोळी सांगितलती!"

"ओटी कोठी बांधत असन वो ही? कापूस कायच्यात टाकत असन?"

एकीला ठसका लागला. मीही हसले. पकडली गेल्यावर हसण्याशिवाय काय करणार. फक्त कांता हसत नव्हती. पुस्तक तिच्याकडं आलं होतं आणि ती शेवटची चौकट बघत होती. बराच वेळ बघत होती. मग तिनं बाजूला पडलेला विळा उचलला, जमिनीवर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. स्वतःचा हात नीट बघत.

"ठेवून नाई राह्यली," ती म्हणाली.

"तुले काय माहीत?" शेवंता म्हणाली.

"अंगठा पाह्य ना. ठेवाची असन तं अंगठा सैल होते, बोटं आधी उघडतेत. हिचा अंगठा मुठीवर दाबला हाय." तिनं आपला वाकडा अंगठा विळ्याच्या मुठीवर दाबून दाखवला. तो दाबताना पांढरा पडला. "ही उपसून राह्यली."

सगळ्यांनी पुस्तक पुन्हा मागून घेऊन पाहिलं. आयुष्यभर विळे, खुरपी, पावशी उचलणाऱ्या आणि ठेवणाऱ्या बाया त्या. कोणीच वाद घातला नाही. गिरजाबाईनं सगळ्यांत शेवटी पाहिलं. चित्राकडं कमी आणि लेकीच्या हाताकडं जास्त. मग ती उठली आणि म्हणाली, "चला. उन्हं उतरली."

संध्याकाळी रान रिकामं झालं. मधली एक पाथ सोडून. या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत एकच पांढरी ओळ. मला वाटलं, मोजणीत चुकली.

"मावशी, हे पाथ राह्यली."

"राहू दे."

"काहून?"

"राह्यली तं राह्यली."

दुसऱ्या दिवशी ती बाबांकडं आली. अंगणात उभी राहून म्हणाली, "मालक, मधली पाथ राहू द्या. पऱ्हाटी उपटू नका." बाबा म्हणाले, "वखर फिरवाले तरास होईन ना गिरजे." ती म्हणाली, "होईन." एवढंच. बाबा कमी बोलणारे. कारण विचारलं नाही. बहुतेक ठाऊक असावं.

पुढच्या रविवारी जावई आला, सोबत एक काका. दोन सायकली धुऱ्याला टेकवून उभे राहिले. बाया आणि मी त्या दिवशी उपटलेल्या पऱ्हाट्यांच्या, कपाशीच्या वाळक्या झाडांच्या, मोळ्या बांधत होतो. "झाली ना उलंगवाडी?" काका म्हणाला.

"कोठी झाली?" गिरजाबाई म्हणाली. "दिसत नाई का? वेचणी चालू हाय."

त्यानं रानाकडं पाहिलं. काळी जमीन आणि मधे एक पांढरी ओळ. "एकच पाथ तं हाय."

"एक असो का शंभर. उलंगवाडी झाल्यावर, असं ठरलं होतं. पंचायतीत तुमीच बोलले होते."

"मंग आता वेचून टाका. आमी थांबतो."

"कापूस वल्ला हाय," गिरजाबाई म्हणाली.

भर दुपार होती. ढेकळं तापून तडकत होती. शेवंतानं तोंडात पदर कोंबला. कांता त्या पाथेच्या मधोमध उभी होती, कापसात कमरेएवढी, दोन्ही हात खाली. तिच्या हातात विळा होता. रोखून धरलेला नव्हता, उगारलेला नव्हता, नुसता होता. जावयानं तिच्याकडं एकदा पाहिलं आणि सायकलच्या हँडलकडं बघत राहिला. पंचायतीत दिलेला शब्द त्याचाच होता. तो मोडायचा तर पुन्हा पंचांपुढं जाऊन अंगठ्याची गोष्ट निघाली असती.

ते आणखी एकदा आले, होळीनंतर. पाथ उभीच होती. मग आले नाहीत. पुढं त्यानं दुसरी केल्याचं कानावर आलं.

त्या उन्हाळ्यात बाबांनी ती ओळ सोडून वखर फिरवला. मी सायकलवरून येताना दुरून बघायचे. काळ्याभोर रानात ती पांढरी ओळ आरपार गेलेली, कापूस वाऱ्यानं लोंबत, हळूहळू धुळीनं मातकट होत. उन्हाच्या झळांमध्ये ती जमिनीपासून सुटून वर तरंगायची. मला तो पूल वाटायचा. मी बारा वर्षांची होते, माझं डोकं असंच चालायचं. ज्यानं असिलता काढली त्या माणसाला हे कळवायला हवं होतं, असं कधी कधी वाटतं. पत्ता नव्हता, आणि त्याला पटलंही नसतं.

कॉमिकमुळं कांता वाचली, असं मी म्हणणार नाही. गिरजाबाईच्या मनात ते आधीपासून असेल. तिला फक्त कोणावर तरी मोठ्यानं ओरडायचं होतं, आणि ते नागपूरच्या कंपनीवर ओरडणं सोपं होतं. सहावा अंक माझ्याकडं आता नाही, वाळवीनं खाल्ला. दुःख वगैरे नाही. चित्र पाठ आहे.

आमच्या रानात पुढं कित्येक वर्षं एक पाथ सोडत असत. नव्या बायांना कारण माहीत नसे. "इकडं तलवारवालीची पाथ सोडतेत," एवढंच. एकीनं तर शेवटच्या झाडाला हळदकुंकू लावलेलं मी पाहिलं आहे. शेत माझ्या हातात आलं तशी मी ती प्रथा बंद केली. गुलाबी बोंडअळी उभ्या पऱ्हाटीत जिवंत राहते आणि पुढच्या हंगामाला गिळते. भावनेपायी शेजाऱ्याचंही रान बुडवायचं नसतं. हंगाम संपला की मी ट्रॅक्टर लावून सगळी कुट्टी करते.

आता बायांची म्होरकी कांता आहे. साठीला आली. चष्मा आहे, वाकडा अंगठा तसाच. मला ताई म्हणते, मी तिला अगं कांते. यंदा तिच्या टोळीत एक नवी पोरगी आहे, भावाची सून की कोणाची कोण, मी विचारलं नाही. हंगामभर तिच्या ओटीत फोन वाजत असतो आणि ती उचलत नाही. कापसातून येतो म्हणून तो आवाज दबलेला असतो. ती मान खाली घालून वेचत राहते. बाकीच्या बाया त्या वेळी जरा मोठ्यानं बोलतात.

काल शेवटची वेचणी झाली. आज सकाळी तोच मोकळा तास. धुकं, आणि धुक्यात मी वाट बघत असलेला ट्रॅक्टर. कांता माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. दोघी समोर बघत होतो. मधोमध एक पाथ पांढरी उभी होती. काल मी काट्याजवळ होते, माझं लक्ष नव्हतं.

"हे काय कांते? वेचली नाही?"

"नाई."

"अळी पडते, माहीत आहे ना तुला?"

"ठाऊक हाय ताई."

नवी पोरगी पाथेच्या दुसऱ्या टोकाला उभी होती, नुसती. धुक्यात तिचा लाल स्वेटर कडांनी पसरल्यासारखा दिसत होता. आधी लांबून घरघर ऐकू आली, मग ट्रॅक्टर धुऱ्यावर आला. चालवणारा गजानन खाली वाकून म्हणाला, "सगळं करू ना ताई?"

मी हिशेब केला. एक ओळ. बोंडं मी स्वतः तोडून जाळू शकते, आठवड्याला एक फेरी. अळीचे सापळे घरात पडलेले आहेत.

"मधली पाथ सोड," मी म्हटलं.

"कधीपर्यंत?"

मी त्या लाल स्वेटरकडं पाहिलं.

"उलंगवाडी होईस्तोर."

गजाननानं एकदा मोकळ्या रानाकडं आणि एकदा माझ्याकडं पाहिलं. मग त्यानं ट्रॅक्टर वळवला.